गाडी सावलीत, पॅनेल उन्हात

चार रिटायर्ड माणसं आणि एक गाडी एवढं जमलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठत जातात. बॅटरीचं तसं नसतं. हे कळायला आमचं जवळजवळ वर्ष गेलं!

आधी मंडळींची ओळख करून देतो. घुले पुण्याजवळच्या मांजरी गावचा. उसाच्या जमिनीचा एक तुकडा बिल्डरकडे गेला, त्यातून त्याने शाळेची जुनी मिनीबस घेतली. फारूकभाईंचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान, वडिलांपासूनचं. त्यांनी बसमध्ये पलंग, ओटा, कपाटं बसवली. जोगळेकर सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांनी मोठी बॅटरी, छोटा फ्रिज आणि बॅगेसारखं घडी करून नेता येणारं सोलर पॅनेल निवडलं. माझ्याकडे दोन खाती : डबे आणि टीका.

हा सगळा खटाटोप मालनवहिनींसाठी, म्हणजे घुल्याच्या बायकोसाठी. त्यांना इन्सुलिन लागतं आणि ते थंड ठेवावं लागतं. एकदा एका लॉजवाल्याने परस्पर फ्रिज बंद केला आणि औषध वाया गेलं. तेव्हापासून वहिनी कुठेही गेल्या तरी संध्याकाळी घरी परत. समुद्र त्यांनी एकदाच पाहिलेला, शाळेच्या सहलीत, तोही बसच्या खिडकीतून.

त्यांनी अट घातली, "दोन दिस फ्रिज बंद न पडता चालवून दावा. मग येते समुद्रावर."

दोन दिवस? त्यात काय एवढं, असं आम्ही म्हणालो. तिथेच चुकलं.

* * *

पहिली रंगीत तालीम कात्रजच्या घाटात. सरांचं सूत्र ठरलेलं : गाडी सावलीत, पॅनेल उन्हात, मध्ये लांब वायर. गाडी गार आणि बॅटरी फुल्ल!

पॅनेल मांडलं आणि येणारा-जाणारा थांबायला लागला. कुणी म्हणे हे केवढ्याला, कुणी म्हणे यावर कुकर चालतो का. बघता बघता भोवती कोंडाळं झालं.

त्यातल्या एकाने खाली वाकून विचारलं, "काय हो, चार्ज होतं का खरंच?"

सर म्हणाले, "आपण बाजूला झालात तर होतं."

दुसऱ्या दिवशी सरांनी पाटीच आणली. "पॅनेलविषयी प्रश्न विचारू नयेत. विचारल्यास संपूर्ण उत्तर ऐकावे लागेल." लोक पाटी वाचायला थांबायला लागले. सावली तेवढीच!

* * *

फारूकभाईंचा स्वभाव असा की घरात वस्तू आली की तिला कव्हर आलंच. त्यांच्या टीव्हीच्या रिमोटला कव्हर आहे आणि त्या कव्हरला खिसा आहे. पॅनेलला त्यांनी मरून रेक्झिनचं, बटणं लावलेलं देखणं कव्हर शिवलं.

दुसरी तालीम घुल्याच्या शेतात. पॅनेल सांभाळायचं काम फारूकभाईंकडे. सकाळपासून त्यांनी ते इमानदारीने ऊन येईल तसं फिरवलं. तरी संध्याकाळी फ्रिजने मान टाकली. सर धावत बांधावर गेले, तर पॅनेल कव्हरसकट उन्हात!

"फारूकभाई, कव्हर नाही काढलंत?"

"सर, ऊन काय होतं बघितलं ना? रंग उडाला असता!"

सर त्या दिवशी जेवले नाहीत.

* * *

मग सरांनी काम स्वतःकडे घेतलं. आम्ही निर्धास्त. तिसरी तालीम, कडक ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. आणि तरीही चहाच्या वेळेला बॅटरी जवळजवळ रिकामी.

पॅनेल कुठे दिसेना. शोधाशोध झाली. शेवटी सापडलं ते सरांच्या पलंगाखाली, नीट घडी केलेलं. जेवण झाल्यावर सर रोजच्या सवयीने आडवे झाले होते!

"मौल्यवान वस्तू बाहेर टाकून माणसाने झोपावं कसं?" सरांनी उलट आम्हालाच विचारलं.

घुले म्हणाला, "सर, तुम्ही चार्ज झाला. बॅटरीचं ऱ्हायलं."

वहिनी यावर हसल्या, पण फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली काढून त्या घराकडे निघाल्या. मला ते पाहून वाईट वाटलं. आमची चेष्टा चालली होती, समुद्र त्यांचा लांबत होता.

* * *

चौथ्या वेळी घोटाळा आमच्या घरचा. उन्हाळ्याचे दिवस. सौभाग्यवतींनी घुल्याच्या अंगणात एक काळंभोर, सपाट, तापलेलं काहीतरी पाहिलं आणि त्यावर बटाट्याचे पापड घातले.

इकडे सर मीटर घेऊन हैराण. करंट येतोय, पण नावापुरता. वायर तपासली, फ्यूज तपासला. मग मोर्चा पॅनेलकडे वळला. आता बाईमाणसाने निगुतीने घातलेले पापड उचलून फेकायचे कसे? फारूकभाईंनी कडेचा एक चाखून पाहिला. अर्धवट वाळलेला पापड ज्याने खाल्लाय त्याला पुढचं सांगायला नको.

थोड्या वेळाने सर आनंदाने ओरडले, "वाढतोय! करंट वाढतोय!"

"मग थांबताय कशाला? खा की," घुले तोंड भरलेलं ठेवूनच म्हणाला.

पॅनेल पूर्ण मोकळं झालं तेव्हा करंट पूर्ण आला. सौभाग्यवती मात्र दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

* * *

दिवाळीनंतर एकदाचा फ्रिज दोन दिवस सलग चालला. कसा, ते सांगायला लाज वाटते. आम्हा चौघांना पॅनेलला हात लावायची मनाई होती. वहिनींनी ते स्वतः मांडलं, स्वतः फिरवलं, इतकंच.

आणि आम्ही कोकणात उतरलो. बेत दोन रात्रींचा. सुरूच्या सावलीत गाडी, वाळूवर पॅनेल. पहिल्या दिवशी वहिनींचं एकच चाललं होतं. पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहायच्या, मध्येच येऊन पॅनेल फिरवायच्या, फ्रिज उघडून बाटली गार आहे ना बघायच्या, की पुन्हा पाण्यात. घुले लांबून नुसता बघत बसला होता.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली. सामान भरून झालं. घुल्याने पॅनेलची घडी घातली आणि हाका मारायला सुरुवात केली, "चला, चला, आवरा! ऊन हाय तोवर घाट चढू!"

वहिनी पाण्यातून बाहेर आल्या. नवऱ्याच्या हातातून पॅनेल घेतलं. त्याची घडी उलगडली, समुद्राकडे कललेल्या उन्हाला तोंड करून ते वाळूत नीट रोवलं आणि बाजूला खुर्ची टाकून बसल्या.

"ऊन हाय तोवर ऱ्हाऊ की!"