खंडेनवमीला शेकर थांबला

शेकर बंद होता. डीप फ्रीज बंद होता, त्याच्याखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. फ्लास्कवर कुंकवाची बोटं उठली होती, एकाच्या कापसात विझलेली उदबत्ती. सारिकानं फरशीवर बसकण मारली आणि गळा काढला, "मावशी, मेली ओ! सगळी मेली!"

वॉचमन बापू काठी घेऊन पळत आला. "कोण मेलं?"

"बॅक्टेरिया," मी म्हटलं.

"मग रडतीया कशाला? फिनेल वता की!"

सारिका आणखी जोरात रडायला लागली.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काचसामान धुवायचं काम करते. शिक्षण चौथीपर्यंत. पण रोज तेच कानावर पडलं की थोडंफार कळतं.

सारिका गारगोटी गावची, पीएच.डी. करत होती. तिचं काम असं: पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बंद भट्टीत तापवायच्या. त्यातून पांढरं पीठ निघतं. ते बॅक्टेरियाला खायला घालायचं. बॅक्टेरिया म्हणजे डोळ्याला न दिसणारे जीव. ते पीठ खाऊन पोटात दुसऱ्या जातीचं प्लास्टिक साठवतात, आणि ते प्लास्टिक मातीत पुरलं की कुजतं. साधे बॅक्टेरिया थोडंच साठवतात, म्हणून सारिकानं दुसऱ्या बॅक्टेरियाचा एक गुण काढून यांच्यात घातला होता. आंब्याचं कलम करतात तसं. हे कलम तिचं एकटीचं. दुसरीकडं कुठंच नव्हतं.

"पर पोटात साठवत्यात कसं?" मी एकदा विचारलं होतं.

"पीठ भरपूर द्यायचं, नायट्रोजन, म्हंजी त्यांची डाळ, तोडायचा. मग त्यास्नी वाढता येत न्हाय, नुसतं जाड व्हत्यात."

मला लगेच कळलं. आमच्या जाऊबाई नवरात्रात डाळ-भाकरी सोडून नुसता साबुदाणा खातात आणि दसऱ्याला ब्लाउज उसवून घालतात.

या बॅक्टेरियांचे पाच फ्लास्क शेकरवर असत. शेकर म्हणजे फ्लास्क सतत हलवणारं मशिन. हलवलं की पाण्यात हवा मिसळते. थांबलं की बॅक्टेरिया गुदमरतात. डीप फ्रीजमध्ये त्यांचं बियाणं, म्हणजे गोठवून राखलेले बॅक्टेरिया, ठेवलेलं.

आता पूजेचं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. हुपरीचा चांदी-कारागीर हातोडी पुजतो, ड्रायव्हर गाडी, आम्ही लॅबमधली मशिनं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, दसऱ्याला उचलायचं. शेकर मात्र दरवर्षी चालूच ठेवायचो.

त्या वर्षी सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, चालू शेकरवर नारळ ठेवला. तो गडगडत त्यांच्या पायावर आला. त्यांनी शेकर बंद केला. फ्रीज घरघरत होता, आरतीला सूर लागेना. त्याचाही प्लग काढला. उदबत्तीचं घर सापडेना, तेव्हा फ्लास्कच्या तोंडाला असलेल्या कापसाच्या बोळ्यात उदबत्ती खोचली. बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून तो बोळा असतो. कुंकू लावताना दोन-तीन बोळे निघाले, ते परत बसवले.

नारळ मी फोडला. सारिकानं प्रसाद वाटला आणि ती गारगोटीची गाडी गाठायला पळाली. शेकर सर लावतील, असं तिला वाटलं; फ्रीजचा प्लग काढलेला तिला दिसलाच नव्हता.

कुलूप लावताना मी विचारलं, "सर, शेकर लावू का?"

"पुजलेलं हत्यार हाय मावशी. दसऱ्याला लावू."

दसऱ्याला सर सासुरवाडीला हुपरीत. किल्ली त्यांच्या खिशात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं आणि आधी ऑफिसात सोनं वाटायला गेले.

तर सारिका फरशीवर रडत होती आणि सर आपट्याची पानं घेऊन आत आले. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा!"

"सर, फ्रीज कुणी बंद केला?" सारिकानं विचारलं.

"अगं, आरतीला..." सरांनी पानं खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी अनुदान देणारी कमिटी येणार होती. काम दिसलं नाही तर प्रोजेक्ट बंद, सारिकाची पीएच.डी. बंद. घरी वडिलांनी स्थळ बघून ठेवलेलंच होतं.

सारिका उठली, तोंड धुतलं. प्रत्येक फ्लास्कातला आणि बियाण्यातला थेंब वेगवेगळ्या प्लेटवर पसरला. प्लेटमध्ये खायला फक्त बाटलीचं पीठ. ज्याला ते पचतं तोच वाढणार, बाकीचे उपाशी मरणार. पण उगवायला दोन-तीन दिवस लागतात. कमिटीला तेवढा दम कुठला?

कमिटीचे साहेब धारवाडकडचे, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी एक फ्लास्क उचलला. "पाणी लाल कसं?"

"इंडिकेटर, सर. तपासणीचा रंग," आमचे सर म्हणाले.

"कसला इंडिकेटर?"

सर छताकडं बघायला लागले.

"कुंकू हाय सर त्ये," सारिका म्हणाली, आणि तिनं नारळापासून उदबत्तीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी फ्लास्क खाली ठेवला. म्हणाले, "आयुधपूजा आमच्याकडेही असते. सेंट्रिफ्यूज मशिनला आम्ही हार घालतो. पण मशिनला सुट्टी द्यायची म्हणून आतल्या कामगारांचा गळा दाबत नाही." उठताना सारिकाला म्हणाले, "प्लेट उगवली तर कळव, प्रोजेक्ट चालू. नाही उगवली तर मी फाईल बंद करतो."

पुढचे दिवस सर दर तासाला इन्क्युबेटरपुढं, म्हणजे प्लेटा उबेत ठेवायच्या कपाटापुढं, हात जोडून उभे. सारिका म्हणायची, "लांबनं सर, लांबनं."

खराब फ्लास्क माझ्याकडं आले. कलम केलेले बॅक्टेरिया गटारात सोडायचे नसतात, आधी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं मारायचे. मेलेल्यांना परत मारायचं काम माझं.

मग सारिकानं प्लेटा काढल्या. बियाण्याची कोरी. पहिल्या चार फ्लास्कांच्याही कोऱ्या, एकीवर तेवढी बुरशी. पाचवीवर साबुदाण्याहून बारीक, पांढुरके ठिपके. तो फ्लास्क भिंतीकडच्या कोपऱ्यात होता. टेबलाला सरांचं पोट अडलं, म्हणून कुंकवाचं बोट तिथवर पोचलं नव्हतं. त्यात पाणीही कमी भरलेलं, हवा पुरली.

आता लॅबची पूजा दाराबाहेर होते. देवाला बंद मशिन चालतं आणि चालू मशिनही चालतं. बॅक्टेरियाला बंद चालत नाही.

त्या ठिपक्यांपासून नवं बियाणं धरलं, साहेबांनी फाईल चालू ठेवली आणि सारिका पीएच.डी. होऊन डॉक्टर झाली. चार फ्लास्क मेले, फ्रीजमधलं बियाणं मेलं. जगला तो कोपऱ्यातला एक.