मिल्टन कीन्समधला स्विस बँकर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रीजरमध्ये भाजी भरलेले आइस्क्रीमचे डबे साठत जातात, तसे ते साठतात. आमच्या चरित्र मंडळाचे तर फारच!

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला डॉक्टरकाकांच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण जमतो. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्या दिवंगत माणसाचं आयुष्य दहा मिनिटांत सांगायचं. वेळ झाली की काका पितळी घंटा वाजवतात. मग चहा. चहा गरम राहावा म्हणून किटलीवर नीलाताईंनी विणलेली लोकरीची टोपी असते. नीलाताई मंडळात सगळ्यांत मोठ्या.

*

काका फार शिस्तीचे. एकदा ते दीपगृह बांधणाऱ्या एका इंजिनिअरबद्दल सांगत होते. बांधकाम निम्म्यावर आलं आणि त्यांनी स्वतःवरच घंटा वाजवली!

"अहो डॉक्टर, आणि दिवा?" नीलाताई म्हणाल्या.

"वेळ संपली."

"जहाजं बुडतील हो!"

*

नीलाताईंना सनावळ्यांत रस नाही. एका आयटीवाल्याने कुठल्याशा गणितज्ञावर चाळीस स्लाइड्स दाखवल्या आणि विचारलं, "काही प्रश्न?"

"त्याचं जेवणखाण कोण बघायचं?"

बिचारा स्लाइड्स मागे-पुढे करत राहिला.

*

मी दोन वर्षं नुसता ऐकायला जात होतो. माझी शाळा नववीत सुटली. इथे वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. या मंडळींसमोर काय बोलणार? पण गेल्या महिन्यात काकांनी चिठ्ठ्यांचा डबा माझ्यापुढेच धरला. निघाला एकोणिसाव्या शतकातला एक स्विस बँकर, पुढे राजकारणात गेलेला.

कामावर पुटपुटत सराव करायचो. सुपरवायझरने विचारलं, "कोणाशी बोलतोयस?"

"एका स्विस बँकरशी."

"त्यालाही हेल्मेट घालायला सांग!"

*

रविवारी उभा राहिलो. बँकरचं नाव सांगितलं आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. काकांनी घड्याळ पाहिलं. वाटलं, खाली बसावं आणि इथे परत येऊच नये.

"विनू," नीलाताईंनी विचारलं, "कितवीपर्यंत शिकला रे तो?"

"शाळा लवकरच सोडली त्याने, ताई. पंधराव्या वर्षी बँकेत उमेदवारीला लागला."

"बरं. मग?"

मग मी बोलतच सुटलो. त्याची पहिली नोकरी, हरलेली निवडणूक, जिंकलेली निवडणूक, संसदेतलं पहिलं भाषण. दहा मिनिटं कधीच होऊन गेली. काकांचा हात घंटेकडे गेला आणि तिथेच थांबला.

माझं बोलून संपलं तेव्हा किटलीतला चहा पार गार झाला होता. लोकरीची टोपी घंटेवर होती.