मंडईसाठी लावलेलं कुलूप

माझा थोरला भाऊ प्यायचा आणि त्याची दारू सोडवायचा उपाय त्याच्याखेरीज घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. काकांनी कुठून तरी अंगारा आणून त्याच्या वरणात कालवला. मायनं सोमवार धरले. पीत होता दादा आणि उपाशी राहत होती माय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार. मी साकोलीला शिकून नुकतीच घरी बसले होते, त्यामुळे अक्कल सगळ्यांत जास्त मलाच. एकोडीजवळच्या आमच्या गावात मोहाची दारू चार पावलांवर मिळायची, आणि मी बाटली सापडली की धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात ओतून यायची. वर टोमणे मारायची ते वेगळंच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दिवाळी झाली, लवकर पिकणारा हलका धान कापून झाला आणि गावची मंडई आली. आमच्याकडे मंडई म्हणजे नुसती जत्रा नव्हे. गावोगावचे पाहुणे येतात, घरोघरी पंगती बसतात आणि जेवता जेवता सोयरिकी जुळतात. त्या वर्षी माझी जुळायची होती. मुलगा जवाहरनगरच्या कारखान्यात, राहायला क्वार्टर. त्याचे वडील आणि मामा मंडईच्या निमित्तानं येणार होते. त्यांच्यासमोर दादा झोकांड्या खात आला तर?

त्याला दोन दिवस धानाच्या खोलीत कोंडायची कल्पना कुणाची, यावर पुढे घरात बरेच वाद झाले. कल्पना माझी होती. दादानं जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. "तुहं लगन जुळते तं बसतो मी अंदर," म्हणाला आणि पाण्याचा गुंड घेऊन स्वतःच आत गेला. कुलूप मी लावलं, चाबी कमरेला खोचली.

वहिनी त्याला खिडकीच्या गजांतून जेवण द्यायची. पहिल्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "ताई, ह्यायचे हात लय कापून राहिले. घास तोंडात जाऊन नाही राहिला."

"कापू द्या. दारू उतरून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली. "भितीवर मुंग्या दिसतात म्हणतात. मुंग्या नाहीत तिथं."

"नाटकं आहेत," मी म्हणाले. ते वाक्य माझं आहे, कुणाच्या माथी मारता येत नाही.

दुपारी पाहुणे ओसरीत जेवायला बसले. मी नवं लुगडं नेसून भात वाढत होते. धानाच्या खोलीत काहीतरी धपकन पडलं, मग दाराला ठोकर बसल्यासारखा आवाज, मग पुन्हा. काका मोठ्यानं म्हणाले, "मांजर असन." पाहुणे खाली मान घालून जेवत राहिले. तेवढ्यात सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी माझी वहिनी चुलीपासून उठून थेट पंगतीत आली. "चाबी द्या."

मी भाताचं भगुणं धरून तशीच उभी.

"ताई, माहा माणूस मरून राहिला अंदर. सोयरीक मंग जुळवा."

आणि तिनं माझ्या कमरेची चाबी ओढून घेतली.

दादा जमिनीवर ताठ झाला होता, हातपाय झटकत होता, तोंडाला फेस, जीभ चावल्यानं रक्त. बाबा त्याच्या नाकाशी चप्पल धरायला धावले. मुलाचा मामा ताटावरून उठला. आता हे जातात, असंच मला वाटलं, आणि तेव्हाही मला भावाच्या आधी लग्नच आठवलं याची लाज अजून जात नाही. मामा मंडईत आलेल्या एका दुकानदाराची जीप घेऊन परत आला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर आमच्यावर भडकले. "रोज पिणाऱ्याची एकदम तोडली की असे झटके येतात, माणूस जातो. सोडवायची होती तर इथं आणायचं होतं. कोंडलं कोणी?"

मी पायांकडे बघत होते.

"आमी," वहिनी म्हणाली.

दादा वाचला. सोयरीक मोडली, ते ठीकच झालं. पण पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो पुन्हा प्यायला, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वहिनीनं मात्र आपली रीत बदलली होती. त्याच्यासाठी ती कुणाशी खोटं बोलायची नाही, पण ताट झाकून ठेवायची. "पिले तरी घरी या, बांधीत पडून राहू नका," सांगायची आणि महिन्याच्या महिन्याला डॉक्टरकडे न्यायची. मी एकदा तिला सुनावलं, "तुमच्या अशा लाडानंच तो सुधरून नाही राहिला."

"रागावून तं सात वर्सं पाह्यलं, ताई."

मी आणखीच चिडले. दरम्यान माझं लग्न तुमसरकडे झालं. माहेरी आले की कधी दादा धडधाकट दिसे, कधी डोळे लाल. पुरती सुटायला पुढची पाच-सहा वर्षं गेली.

त्यातल्याच एका उन्हाळ्यात मी माहेरी होते. दादानं आठ महिने थेंबाला शिवलं नव्हतं. दुपारी तो वावरातून आला आणि चुलीजवळच्या दारात उभा राहिला. "आज पिलो," तो वहिनीला म्हणाला.

"कवा?"

"आत्ताच. दोन गिलास."

"सांगतलं ते बरं केलं. हात धुवा, जेवा. उद्या भंडाऱ्याले जाऊ."

तो उंबऱ्यावर बसला. कुणी पाजली, का घेतली, हे तो हळूहळू सांगू लागला. मग कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली मी त्याला दिसले आणि तो गप्प झाला. मी एक शब्द बोलले नव्हते. मी सूप घेऊन अंगणात गेले, तेव्हा कुठं तो पुन्हा बोलायला लागला.