हळदीखालचा पाऊस

ट्रॉय गावातलं आमचं घर विकायचं ठरलं तेव्हा मुलीला बोलावून घेतलं. म्हटलं, ये आणि तुला हवं ते घेऊन जा. ती शिकागोहून आली, घरभर फिरली आणि म्हणाली, "आई, रिअली, काही नको. माझं अपार्टमेंट केवढंसं आहे." समई नको, पैठणी नको, स्टीलचे डबे तर नकोच नको. मी "बरं" म्हटलं, पण मनाला फार लागलं. इथे जन्मलेल्या या मुलीत आपलं काही उतरणार आहे की नाही, ही धास्ती मला ती शाळेत जायला लागल्यापासून होती.

शाळेत तेव्हा पुस्तकांना कव्हर घालून आणायला सांगत. बाकीच्यांच्या घरी किराणाच्या तपकिरी कागदी पिशव्या कापत. माझ्या हाताला पुण्याची सवय, कव्हर म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान. आमच्याकडे आदल्या वर्षीचं जपानी चित्रांचं कॅलेंडर होतं, लाकडी ठशांनी छापलेल्या जुन्या चित्रांचं. जानेवारी उलटल्यावर स्वस्तात मिळालं म्हणून यांनी आणलेलं. त्यातल्या एका पानावर पूल, तिरका पाऊस आणि छत्र्या सावरत धावणारी माणसं. माझं सगळं लक्ष कोपरे चापूनचोपून बसवण्याकडे, चित्राचं काय होतंय ते बघतंय कोण! गणिताच्या पुस्तकावर अर्धी छत्री आली आणि छत्रीवाला आत दुमडला गेला. वर्ष संपल्यावर पुस्तक शाळेला परत गेलं. कव्हर मात्र मी सोडवून घेतलं आणि मसाल्यांच्या ड्रॉवरमध्ये अंथरलं. इतका चांगला जाड कागद टाकून द्यायला जीव होत नाही.

पुढच्या वर्षी तिचा वर्ग म्युझियम बघायला गेला. मुलांवर लक्ष ठेवायला मीही गेले होते. गाइड बाईंनी सगळ्यांना एका फ्रेंच चित्रापुढे उभं केलं. त्यात टबात बसलेली बाई होती, माळ्यावरून पाहिल्यासारखी, आणि शेजारची खुर्ची चौकटीने निम्मी कापलेली. बाई सांगत होत्या की हे असं मधूनच कापणं युरोपातले चित्रकार जपानी छापचित्रांकडून शिकले. त्यातली काही चित्रं तर म्हणे चिनीमातीच्या भांड्यांना गुंडाळून तिकडे पोचली, निव्वळ रद्दी म्हणून.

तेवढ्यात आमचं रत्न खणखणीत आवाजात म्हणालं, "माय मॉम डझ दॅट टू! ऑन माय मॅथ बुक."

गाइड बाई हसल्या, मुलं हसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मात्र मी हळदीची बरणी उचलली आणि तो पाऊस पहिल्यांदा नीट पाहिला. काय सुंदर होता! तरी बरणी परत त्याच्यावरच ठेवली. चित्र दिसावं म्हणून ड्रॉवर काही उघडा ठेवता येत नव्हता.

घर विकायच्या वेळी सामान आवरताना तोच ड्रॉवर मुलगी रिकामा करत होती. बरण्या काढता काढता ती थबकली. पूल हळदीने पिवळा झाला होता, जुन्या घड्या उमटलेल्या होत्या.

"हे मी घेते," ती म्हणाली.

"अगं, डाग पडलेत त्याच्यावर. थांब, निदान फ्रेम करून देते."

"फ्रेम कशाला, आई? इट गोज इन द ड्रॉवर."

तिने ते जुन्या बिलासारखं घडी करून पर्समध्ये टाकलं, आणि एवढं घर उपसून लेकीने एक रद्दीचा कागद नेला म्हणून मी दोन दिवस धुसफुसत राहिले.

गेल्या महिन्यात शिकागोला गेले होते. चहासाठी वेलची शोधत तिचा ड्रॉवर उघडला. आत मीठ, मिरपूड, वेलची आणि हळदीची एक छोटी बाटली, एवढाच तिचा संसार. खाली पाऊस होता. ड्रॉवर अरुंद, म्हणून तिने कागद एका बाजूने सरळ कापून टाकला होता. उरलासुरला छत्रीवाला पार गेला होता, निम्मा पूल गेला होता. कोपरे मात्र चापूनचोपून बसवले होते.

डोळे भरून आले. मी ड्रॉवर लावला आणि वेलची सापडली म्हणून तिला हाक मारून सांगितलं.