रोबोच्या पोटातली त्यांची ओळ

आमच्या ह्यांचा लॅपटॉप मी दान करून टाकला. न बघता. तेव्हा मी जेमतेम सत्तरीची, म्हणजे अक्कल नुकतीच फुटायला लागली होती. घरात ह्यांचं काही दिसलं नाही तर रडू येणार नाही, असा माझा हिशेब. म्हणून तेराव्यानंतर कपडे, छत्री, चपला आणि त्यांची खांद्याची पिशवी वेरूळला देवळाबाहेर एका म्हाताऱ्याला देऊन आले. पिशवी जड लागली. म्हटलं, पुस्तकं असतील. मोठी वैरागीण!

हे वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. नातीच्या कॉलेजातल्या मुलींनी एका स्पर्धेसाठी आमच्या बजाजनगरच्या घरात रोबो मांडला, तेव्हा हेही त्यांच्या टीममध्ये घुसले. रोबोच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये लांबून शिरायचं, तर पासवर्ड नको, तो कुणीही ओळखतं, असं ठरलं. मग प्रत्येकाच्या लॅपटॉपात एक गुप्त फाईल आणि रोबोत तिच्या जोडीची एक ओळ; दोन्ही जुळलं की रोबो आत घेतो. ओळीच्या शेवटी नाव. ह्यांचंही.

स्पर्धा जवळ आली तेव्हा नातीनं विचारलं, "आजी, आजोबांचा लॅपटॉप कुठंय?"

मी सांगितलं. आम्ही रिक्षा करून वेरूळला गेलो. तो म्हातारा कुणालाच ठाऊक नव्हता.

"आता आजोबांची ओळ पुसावी लागंल," नात म्हणाली.

"राहू दे की गं. म्हातारा काय तुमचा रोबो चालवणारे?"

"त्यानं विकला असंल तर? कुणीबी घुसंल. काम करताना आमचे हात रोबोच्या पंजात असतात, आजी."

म्हटलं, पुसायच्या आधी दाखव तरी. पडद्यावर लांबलचक गिचमिड, थेट ह्यांच्या अक्षरासारखी, आणि शेवटी नाव. उखाण्यापलीकडं मी कधी न घेतलेलं. ते मोठ्यानं वाचलं. मग बटणावर बोट माझंच ठेवलं. ओळ गेली, खालच्या पोरींची नावं वर सरकली.

"रागव तरी माझ्यावर," मी म्हटलं.

ती पडद्याकडंच बघत होती. "आजोबा म्हणायचे, माणसानं कंपनी सोडली की त्याच दिवशी गेटपास काढून घेतात. ही ओळ मी तेव्हाच काढायला पाहिजे होती, आजी. मलाच नाय काढवली."