आजीकडची दीड वर्षं

त्या जजचा निवडणुकीचा हसरा बोर्ड टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडच्या चौकात दिसला की मी गाडीतच त्याला शिव्या घालते. मराठीत आणि मोठ्याने.

आठ वर्षांपूर्वी माझ्या घटस्फोटाची केस त्याच्यासमोर होती. मुलगी सहा महिन्यांची असताना आम्ही तिला दीड वर्ष नागपूरला माझ्या आईकडे ठेवलं होतं. दोघांच्याही नोकऱ्या नव्या, आणि इथल्या आपल्या निम्म्या लोकांनी हेच केलंय. नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, ठेवलं होतं ना? मी ठणकावून हो म्हणाले. लपवायचं काय त्यात! जजने निकालात लिहिलं, आईने मूल टाकलं होतं. बापाचं नावही नाही, जणू मी एकटीनेच तिला चोरून विमानात बसवलं. मुलगी बापाकडे गेली. माझ्या वाट्याला एकाआड एक शनिवार-रविवार.

आता हा जज वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या संसदेत जायला उभा आहे. गेल्या महिन्यात मराठी मंडळात मतं मागायला आला. मुलगी माझ्याकडेच होती. तिला घेऊन मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. मेल्याने ओळखलंसुद्धा नाही! मंडळाने दिलेली शाल पांघरून भाषण सुरू. आमचं घराणं मूळ युरोपातल्या चेक देशातलं, आईवडील कामासाठी शहरात गेले, मला चार वर्षं आजीने शेतावर वाढवलं, अशा कुटुंबांवरच हा देश उभा आहे. वर टाळ्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. "मग तुमच्या आईने तुम्हाला टाकलं होतं का?" अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं इंग्रजीत विचारलं, आणि निकालातलं त्याचं वाक्य म्हणून दाखवलं. पाठच आहे मला. तो लालबुंद झाला. "प्रत्येक केस वेगळी असते," एवढंच पुटपुटला. मंडळाच्या अध्यक्षकाकांनी घाईघाईने चहा जाहीर केला. मी दोन कप प्यायले.

परतताना मुलीने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "मी लहान असतानाच डॅडने मला तो कोर्टाचा पेपर दाखवला होता. आय थॉट यू डिडन्ट वॉन्ट मी."

मी गाडी बाजूला घेतली. तेरा वर्षांची पोर, आणि इतकी वर्षं हे मनात ठेवून माझ्याकडे येत होती, माझ्या हातचं जेवत होती. तिला छातीशी धरून मी ढसाढसा रडले.

माझं एक मत त्याला पाडायला पुरणार नाही. सोमवारी त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईच्या ऑफिसात गेले आणि म्हटलं, मला प्रचाराला दारोदार पाठवा.