पातेल्याचे कान

बाजारात क्रेसेन्सियाबाईंचा, आमच्या बोलीत दोन्या क्रेसेन्सियाचा, ठेला कुठे म्हणून कुणी विचारलं, तर आम्ही मेक्सिकोतली ओहाकाची माणसं हात दाखवायच्या भानगडीत पडत नाही. आवाजाच्या दिशेनं जा म्हणतो. मिरचीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला, निळ्या पत्र्याखाली ही ठेंगणी बाई पहाटेपासून उभी असते आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. गिऱ्हाईक म्हातारं असो की तरणं, काळं असो की सावळं, तिच्या लेखी सगळे गोरे. "ये गं गोरे, सुकलीस किती, नवरा जेवायला घालत नाही वाटतं," असं म्हणत ती तामालाचं, मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेल्या पुडीचं, केळीचं पान सोडते, वाफाळलेला कोपरा मोडते आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवते. तो कोपरा खाऊन तसाच पुढे गेलेला माणूस अजून तरी मी पाहिलेला नाही.

नवरा तिचा वाजंत्री. बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. पोरगी रांगत होती तेव्हा तो कामासाठी उत्तरेला, सरहद्दीकडे गेला. आधी दर रविवारी फोन यायचा, मग सणावारी, मग तेही थांबलं. क्रेसेन्सिया यावर फारसं बोलत नाही, आणि ती ज्यावर बोलत नाही असा बाजारात दुसरा विषय नाही. पोरीला तिनं मिरच्यांच्या रिकाम्या खोक्यात निजवून वाढवलं. पोरीचं नाव सित्लाली.

बाप्तिस्म्याच्या दिवशी सित्लालीला हातांवर घेऊन उभी राहिली ती रेफुहिओ. पलीकडच्या गल्लीत तिचं मोलेचं दुकान. भाजलेल्या मिरच्या, तीळ, चॉकलेट आणि आणखी काय काय वाटून केलेले तिचे काळेकुळकुळीत गोळे लोक लांबून न्यायला येतात, आणि क्रेसेन्सियाच्या तामालातही पहिल्यापासून तोच मोले. पोरीची धर्माची आई झाली म्हणून ती क्रेसेन्सियाची कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीहून जड. बहिणीशी भांडलं तर घरातले समजूत घालतात, कोमाद्रेशी भांडलं तर पाद्रीबाबासुद्धा थांबवून विचारतात.

तरीही भांडण झालंच. तीन वर्षांपूर्वी, उत्सवाच्या दिवशी, कुणा पाहुणीनं तामालाची तोंड भरून तारीफ केली आणि रेफुहिओ हसत बोलून गेली, "चव सगळी माझ्या मोलेची हो. बाकी पीठ काय, नुसतं पांघरूण." चार माणसांत बोलली. त्या दिवसापासून क्रेसेन्सियानं तिच्याशी अबोला धरला. तिचा मोले बंद केला आणि सित्लालीला दर गुरुवारी गावाबाहेरच्या मोठ्या बाजारात दुसऱ्या एका बाईकडे पाठवू लागली. तामालांचा खप तसूभरही कमी झाला नाही. ही गोष्ट ती येणाऱ्या जाणाऱ्याला, विशेषतः रेफुहिओला ऐकू जाईल अशा बेतानं, सांगत असे.

आता सित्लालीचं. पोरगी चुणचुणीत, बोलण्यात आईच्या वरताण, पण गोड. एका एजंटाकडे ती परगावच्या पाहुण्यांना बाजार चाखवत फिरवायची. कष्ट हिचे आणि नाव त्याचं. शेवटी वैतागून तिनं ते सोडलं आणि स्वतःची फेरी काढायचं ठरवलं. आईला तिनं सरळच सांगितलं, "शनिवारी माझी पहिली फेरी. जमली तर इथेच राहीन. नाही जमली तर तिहुआनाला जाते. मावसबहिणीनं कारखान्यात बोलून ठेवलंय, खोलीवर माझ्यासाठी खाटही ठेवलीय."

तिहुआना म्हणजे उत्तर. क्रेसेन्सियाला ट्रॉम्बोनवाला आठवला. पण ती म्हणाली एवढंच, "जमेल. न जमायला काय झालं."

फेरीचा शेवट आईच्या ठेल्यावर करायचा, आणि पातेलं पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत उघडायचं, वाफ त्यांच्या तोंडावर यायला हवी, ही सित्लालीची कल्पना. त्यासाठी क्रेसेन्सियानं शनिवारी मोठं पातेलं ठेल्यावरच चढवलं. तळाला पाणी, पाण्यात तिच्या आईच्या वेळचं झिजलेलं नाणं, वर जाळी, जाळीवर उभे रचलेले तामाल. पाणी उकळतंय तोवर नाणं खुळखुळतं. खुळखुळ थांबली की पाणी संपलं, झाकण न काढता समजतं. नाणं वाजायला लागलं आणि क्रेसेन्सिया निर्धास्त झाली.

तेवढ्यात रेफुहिओ आली. आरशात बघून नवी टोपी नीट करणाऱ्या सित्लालीला ती विचारू लागली, की पाहुण्यांपैकी कुणाला तीळ चालत नाहीत असं तर नाही ना. म्हणजे फेरी तिच्याही दुकानावर जाणार होती. हे क्रेसेन्सियाला तेव्हाच कळलं.

"सित्लाली," ती पत्र्याकडे बघत म्हणाली, "त्या बाईला सांग, काय चाखवायचं ते चाखव, पण माझ्या तामालाचं नाव घेऊ नकोस. तीन वर्षं त्यात तिचा कणसुद्धा नाही. कुणाला फरक पडला?"

"तुझ्या आईला सांग," रेफुहिओ म्हणाली, "मी मुकाट्यानं ऐकून घेतेय."

"मुकाट्यानं म्हणे. हिच्या जिभेवर अख्खा बाजार वाळत घालता येईल."

"आई, पुरे. आजच्या दिवस."

"का पुरे? सांगू दे की तिला. पांघरूण विकतेय मी, नुसतं पांघरूण. लोक रांग लावून नेतात."

रेफुहिओचा चेहरा लाल झाला. तीन वर्षं तिनं दातांत धरलेली गोष्ट सुटली. "अगं कोमाद्रे, फरक पडेल कसा? दर गुरुवारी तुझी पोर गोळा माझ्याकडूनच नेते. त्या बाईची असते ती फक्त पिशवी."

क्रेसेन्सियानं पोरीकडे पाहिलं. पोरीनं स्वतःच्या बुटांकडे.

"त्या बाईचा एकदा आणला होता, आई. तूच चाखून थुंकलीस. सांगितलं असतं, तर तू ठेला बंद केला असतास, पण रेफुहिओमावशीचा मोले घेतला नसतास."

एवढं बोलून सित्लाली निघाली. देवळासमोर पाहुणे खोळंबले होते. ती जाताच ठेल्यावर जे काही झालं, त्याला भांडण म्हणणं म्हणजे पुराला ओहोळ म्हणणं. तीन वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. फसवलंत मला, माझ्याच पोरीला माझ्यावर उलटवलंत. उलटवलं नाही, तुझा धंदा राखला. माझा पाटा नेलास तो तडा पाडून परत दिलास. ट्रॉम्बोनवाल्याशी लग्न करू नको म्हणून मीच सांगितलं होतं. शेवटचं वाक्य निघालं आणि क्रेसेन्सियानं हातातली पळी आपटली. मग पुन्हा सुरू. शेजारचे नाबोरकाका तव्यावर मिरच्या भाजत होते. ठसका आणि धूर इतका, की दुसरा कसला वास येणं शक्यच नव्हतं. दोनदा ते मध्ये म्हणाले, "पातेल्याजवळ नका गं, पातेल्याजवळ नका." कुणी ऐकलं नाही.

तामाल शिजत असताना जवळ भांडू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पातेलं ऐकतं आणि रुसतं, मग दिवसभर जाळ घातला तरी तामाल कच्चे ते कच्चेच. म्हणून शहाण्या बायका आधीच त्याच्या कानांना, म्हणजे दोन बाजूंच्या कड्यांना, कणसाच्या सालीच्या गाठी बांधतात, त्याच्यापर्यंत काही जाऊ नये म्हणून. क्रेसेन्सियाही रोज बांधायची. त्या दिवशी राहिलं. शिकलेली माणसं याला हसतात. हसू देत. दोन बायका असं भांडत असताना नाणं वाजायचं थांबलं, तर ते कुणाला ऐकू जाणार होतं?

सित्लाली पाहुण्यांना घेऊन आली. पुएब्लाचं एक वयस्क जोडपं, दोन जर्मन मैत्रिणी आणि एक लांबलचक कॅनेडियन, पत्र्याखाली वाकून उभा. सगळ्यांच्या हातांत काही ना काही, तोंडांना मिरची लागलेली, चेहरे खुललेले. फेरी छान चालली होती. रेफुहिओ मधेच आपल्या दुकानी पळून, पाहुण्यांना मोले चाखवून त्यांच्या मागोमाग परत आली होती; क्रेसेन्सियाची बडबड तिच्या पाठीमागेही चालूच राहिली होती. कोपऱ्यात उभी राहिली. सित्लालीनं झोकात झाकण उचललं.

वाफ आली ती पार मरतुकडी. क्रेसेन्सियानं तामाल काढून पान सोडलं. पीठ पानाला चिकटून आलं, बोटांत लगदा. दुसरा काढला, तोही तसाच. तिनं पातेलं हलवून पाहिलं आणि तिला समजलं. नाणं मुकं होतं. पाणी कधीच आटलं होतं.

क्रेसेन्सियानं लगद्याचं पान पुन्हा मिटलं. पोरीच्या डोक्यावरची ती नवी टोपी तिला दिसत होती, आणि टोपीमागे बसचा थांबा. आपल्या तोंडानंच आपण पोरीला बसमध्ये बसवलं, असं तिला वाटलं.

सित्लालीनं झाकण खाली ठेवलं. क्रेसेन्सियाला वाटलं, आता ही काहीतरी थाप मारेल, गॅस संपला म्हणेल. एजंटानं तेच केलं असतं. सित्लाली पाहुण्यांकडे वळली आणि म्हणाली, "तामाल कच्चे राहिलेत. ही माझी आई आणि ती माझी धर्माची आई. दोघी सकाळी पातेल्याशेजारी भांडल्या. कारण मीच. धर्माच्या आईबरोबर मिळून एक गोष्ट मी आईपासून लपवली."

जर्मन मैत्रिणी एकमेकींकडे बघू लागल्या. पुएब्लाच्या आजीबाईंनी मात्र चष्मा वर केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मग अजून नाचल्या कशा नाहीत?"

नाबोरकाकांनी झारा खाली ठेवला. "तेच म्हणतोय मी मघापासून."

कारण उपाय ठरलेला आहे. ज्यांनी भांडून पातेल्याला रुसवलं, त्यांनीच त्याचे कान बांधायचे आणि त्याच्याभोवती नाचून त्याची समजूत काढायची. घरात, स्वयंपाकघरात हे ठीक. भर बाजारात, सगळ्या मिरचीवाल्यांसमोर, आणि तेही हिच्याबरोबर? क्रेसेन्सियानं रेफुहिओकडे पाहिलं. रेफुहिओ शालीच्या टोकाशी चाळा करत उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. मग क्रेसेन्सियाला पुन्हा ती टोपी दिसली.

तिनं किटलीतलं गरम पाणी पातेल्यात कडेनं ओतलं, झाकण घट्ट लावलं, टोपलीतून सालीच्या दोन पट्ट्या काढल्या आणि एक पुढे केली.

"डावा कान तू बांध. आणि गाठ नीट मार, तुझ्या गाठी सुटतात."

"माझ्या नाही सुटत," रेफुहिओ म्हणाली, पण नीट बांधली.

नाबोरकाकांनी तव्यावर झाऱ्यानं ताल धरला. दोघी हात धरून पातेल्याभोवती फिरू लागल्या. ठेल्यात जागा इतकी थोडी, की दोघींच्या ढुंगणांनी केळीच्या पानांची चळत पाडली. क्रेसेन्सियाचं तोंड आधी एरंडेल प्यायल्यासारखं होतं. दुसऱ्या फेरीला रेफुहिओ तिच्या कानाशी म्हणाली, "पाट्याला तडा माझ्याच हातून गेला होता गं. तेव्हाही सांगायला हवं होतं." आणि क्रेसेन्सियाला हसू फुटलं, नको असताना फुटलं, मग आवरेना. आजीबाई टाळ्या पिटत होत्या. कॅनेडियन तर पत्र्याला डोकं आपटेपर्यंत नाचला.

मग पातेल्यातून खुळखुळ ऐकू आली. आधी एकदा, थांबून पुन्हा, आणि मग सलग. सगळे ऐकत राहिले. सित्लालीनं डोळे पुसले आणि पाहुण्यांना नाण्याची गोष्ट सांगू लागली.

तामाल व्हायला वेळ लागणार होता. रेफुहिओनं पाहुण्यांना चॉकलेट घुसळून दिलं, नाबोरकाकांनी शेंगदाणे दिले, आणि कुणी जायचं नाव काढलं नाही. शेवटी पातेलं उघडलं तेव्हा वाफेनं पाचही जणांचे चेहरे दिसेनासे झाले. पानं सुटली, पीठ पानाला न चिकटता अलगद आलं.

आजीबाईंनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग विचारलं, "मोले कुणाचा म्हणायचा हा?"

सित्लालीनं आईकडे पाहिलं. क्रेसेन्सियानं हातातलं फडकं दोनदा झटकलं.

"माझ्या कोमाद्रेचा," ती म्हणाली. "त्या पलीकडच्या गल्लीत आहे तिचं दुकान. सबंध ओहाकात असा मोले नाही."

रेफुहिओ हळूच म्हणाली, "पांघरूण नसतं, तर तो पिशवीतच राहिला असता."

पाहुणे गेले ते पुढच्या शनिवारी आपली माणसं पाठवतो असं सांगून. आजीबाईंनी तर आपल्या दोन बहिणींची नावंच दिली. सित्लाली फोन घेऊन मिरच्यांच्या पोत्यांआड गेली. क्रेसेन्सिया पानं रचण्यात गुंग असल्यासारखी दिसत होती, पण कान तिकडेच. "हो, छान झाली," सित्लाली सांगत होती. "नाही गं, नाही येत. ती खाट दे दुसऱ्या कुणाला तरी."

क्रेसेन्सियानं पानांची चळत उगीचच पुन्हा मोडली आणि पुन्हा रचली. मग पलीकडच्या गल्लीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोमाद्रे, गुरुवारी गोळा न्यायला मीच येणार आहे. पिशवी माझीच आणते."